नजर नेमकी कुठे ठेवायची?

चौतीस आणि चौसष्ट. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी, याविषयी जगभरच्या डॉक्टरांचे मत घडवण्यात या दोन आकड्यांचा मोठा वाटा आहे. आणि हे आकडे एखाद्या परदेशी प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. ते आले तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून.

ऑक्टोबर १९९९ मध्ये या जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. शेजारच्या बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. गावांचे ५२ गट पाडले. त्यांत ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया होत्या. काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पेशींची तपासणी, काहींत सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी असे तीन विभाग झाले. चौथ्या विभागाला मात्र नेहमीचीच आरोग्यसेवा मिळणार होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या ३४ हजार १२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चौथ्या विभागातल्या ३१ हजार ४८८ स्त्रियांत ६४. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यू ठोसपणे कमी झाल्याचे दिसले नाही.

आता वाचकांनी जरा हिशेब करून पाहावा. दोन्ही विभाग मिळून पासष्ट हजारांवर स्त्रिया, आणि फरक तीस मृत्यूंचा. प्रत्येकीचे वय, शिक्षण, मुले, तपासणीची तारीख अशा लाखो नोंदी कागदावर असणार. एखादीचे लग्नाचे वय सोळाऐवजी सतरा लिहिले गेले, तर काही बिघडत नाही. पण एखादी सून आजारपणात माहेरी गेली आणि तिथेच वारली, किंवा एखादे कुटुंब ऊसतोडीला गेले आणि बाईच्या मृत्यूचे कारण नुसते ‘पोटाचा आजार’ असे राहिले, तर? अशा दहा-पंधरा नोंदी एकाच विभागात चुकल्या, तर निष्कर्षाचा पायाच हलेल. लाखो नोंदींपैकी सत्य तोलून धरणाऱ्या नोंदी अशा मूठभरच असतात.

इथे बार्शीची एक जुनी पुण्याई उपयोगी पडते. १९८७ मध्ये तिथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिलीच नोंदणी. धाराशिवमधले परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत होते. खेड्यातला रुग्ण आपणहून दवाखान्याच्या वहीत येत नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून त्याला शोधत.

नेमक्या जागी नजर ठेवण्याच्या या विचाराला आज जोखीमआधारित देखरेख म्हणतात. धाराशिवची चाचणी सुरू झाली तेव्हा हा शब्द रूढ नव्हता. औषधचाचणीवर देखरेख करणाऱ्या माणसाला मॉनिटर म्हणतात. केंद्रावर जायचे आणि प्रत्येक नोंद मूळ कागदाशी ताडून पाहायची, अशी कंपन्यांची रीत होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये सांगितले की सरसकट सगळे ताडण्याऐवजी धोका जिथे आहे तिथे लक्ष द्या. २०१६ मध्ये हेच तत्त्व चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आले, आणि २०२५ च्या आवृत्तीत ते अधिक पक्के झाले. जर्मनीतल्या विद्यापीठीय चाचण्यांवर एक अभ्यास झाला. त्यात मोजक्या देखरेखीला निम्म्याहून कमी श्रम लागले आणि गंभीर त्रुटी काही जास्त राहिल्या नाहीत.

आपल्या घरातही हेच चालते. लग्नघरातली कर्ती बाई पत्रावळ्या मोजत बसत नाही. तिची नजर दागिन्यांच्या डब्यावर असते आणि आचाऱ्याच्या चुलीवर असते. चाचणीतला दागिन्यांचा डबा म्हणजे रुग्णाची संमती, त्याची योग्य निवड, औषधाचा दुष्परिणाम आणि शेवटचा निकाल. बाकीच्यावर संगणक लक्ष ठेवू शकतो. एखाद्या केंद्रातले सगळे रक्तदाब शून्यावरच संपत असतील, किंवा वर्षभरात एकालाही साधी मळमळ झाली नसेल, तर तिथे माणूस पाठवावा.

मी अशा नोंदी तपासण्याचे काम करतो. एका वैद्यकीय महाविद्यालयात (नाव सांगण्याचे कारण नाही) दोन दिवस उंची आणि वजने जुळवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की एका रुग्णाचे रक्त आधी घेतले होते आणि संमतीपत्रावरची सही दुसऱ्या दिवशीची होती. अनुदानावर चालणाऱ्या संशोधनात तपासनीसाचे दिवस मोजकेच असतात. ते कशावर खर्च करायचे, हा म्हणूनच नीतीचा प्रश्न आहे. २०१९ च्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त औषधाचा नवा उपयोग शोधणाऱ्या शैक्षणिक चाचणीला सर्वसाधारणपणे संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी पुरते. साहजिकच राखणीचा भारही तिच्याच खांद्यावर येतो.

पण ही पद्धत म्हणजे काटकसरीची पळवाट नव्हे. धोका कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे. धाराशिवच्या त्या चौसष्ट बायकांकडे पाहा. त्यांच्या नोंदी अगदी बिनचूक असल्या, तरी ज्यांची तपासणी झालीच नाही अशा विभागात त्या होत्या. देशात तेव्हा अशी तपासणी कुठेच नियमित होत नव्हती, म्हणून नेहमीची सेवा हीच तुलना रास्त, अशी एक बाजू. स्त्रीला वाचवू शकणारी तपासणी ठाऊक असताना तिला नुसते पाहत राहणे योग्य नव्हे, अशी दुसरी. अमेरिकेतले डॉ. एरिक सुबा यांनी हा आक्षेप जाहीरपणे मांडला. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच धोक्याची यादी पहिल्या स्त्रीची सही घेण्याआधी व्हायला हवी. तिच्यात निकालाच्या धोक्यापेक्षा माणसाचा धोका वर असावा. वही कितीही चोख तपासली, तरी आखणीतला अन्याय तिच्यात सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणूचाचणीला पहिली पसंती दिली. या शिफारशीमागच्या पुराव्यात धाराशिवच्या स्त्रियांचे मोठे देणे आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीने आपल्या डॉक्टरांकडे या तपासणीची चौकशी केली, तर ते देणे थोडेफार फिटेल.

आणि उद्या तुमच्या घरातल्या कोणाला एखाद्या चाचणीत सामील व्हा असे सांगितले, तर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. आमच्यावर नजर कोण ठेवणार? नेमकी कशावर ठेवणार? आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळाले नाही, तर पहिल्या दोन उत्तरांवर फारसे विसंबू नका.