कचराडेपोचे पाणी मोजायचे कोठे?

पुणे शहराचा कचरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पूर्वेकडील उरुळी देवाची येथे टाकला जाऊ लागला. पुढे काही वर्षांत उरुळी आणि शेजारच्या फुरसुंगी गावातील विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले. विहिरीत तर कोणी कचरा टाकला नव्हता. मग पाणी बिघडले कसे?

पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर उघड्या ढिगावर ७० लाख लिटर पाणी. त्यातले बरेचसे वाहून गेले, काहीची वाफ झाली आणि चौथा हिस्साच आत मुरला असे धरू. तरी ते साडेसतरा लाख लिटर होते; दहा हजार लिटरचे १७५ टँकर! कुजणाऱ्या कचऱ्यातून वाट काढत हे पाणी खाली येते, तेव्हा ते कोऱ्या चहासारखे काळपट झालेले असते. यालाच लीचेट म्हणतात.

ढीग ताजा असताना जिवाणू ओल्या कचऱ्यापासून आम्ले तयार करतात. त्यामुळे लीचेट आम्लधर्मी असते आणि त्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात. पुढे मिथेन तयार करणारे जिवाणू ही आम्ले खाऊन टाकतात आणि लीचेट सौम्य दिसू लागते. पण अमोनिया तसाच राहतो, कित्येक दशके. म्हणून ‘डेपो बंद झाला’ याचा अर्थ ‘लीचेट थांबले’ असा घेता येत नाही.

भारतात शहरी कचऱ्याचे देशव्यापी नियम २००० साली आले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. प्रक्रिया केलेले लीचेट नदीनाल्यात सोडण्याच्या मर्यादा दोन्हींत दिलेल्या आहेत. एका लिटरमध्ये जैविक ऑक्सिजन मागणी ३० मिलिग्रॅम, रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिलिग्रॅम, अमोनियाच्या रूपातील नायट्रोजन ५० मिलिग्रॅम, क्लोराइड १००० मिलिग्रॅम. आकडे योग्यच आहेत. पण ते लिटरमागे आहेत, ही मेख लक्षात घ्यायला हवी. ज्या लीचेटची रासायनिक ऑक्सिजन मागणी १०,००० आहे, त्याच्या एका बादलीत ३९ बादल्या स्वच्छ पाणी ओतले की २५० चा आकडा गाठता येतो. नदीत जाणारी घाण मात्र तेवढीच राहते. दिवसाला एकूण किती किलो घाण बाहेर पडली, हे विचारल्याशिवाय लिटरमागचा आकडा फारसे काही सांगत नाही, असे आम्हाला वाटते.

दुसरी अडचण याहून मोठी. नळीच्या तोंडाशी मर्यादा घालता येते, पण लीचेट नळीतूनच बाहेर पडेल असे नाही. ते तळातून झिरपते. म्हणून २०१६ च्या नियमांत भरावाच्या तळाचेही वर्णन आहे: दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा, त्याखाली ९० सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या किमान दोन मीटर खाली. माती अशी हवी की तिच्यावर पाणी साचलेले नसेल, तर वर्षाला जेमतेम तीन सेंटीमीटर पाणी खाली उतरावे. पाणी साचले की दाब वाढतो आणि गळतीही वाढते. यासाठी अमेरिकेतील १९९१ च्या नियमांनी साचलेल्या लीचेटची उंची ३० सेंटीमीटरपेक्षा वाढू देऊ नये असे बंधन घातले. आपल्याकडील जुन्या डेपोंखाली बहुधा असे अस्तरच नाही. तेथे नळीच्या तोंडाशी पाणी तपासून काय हाती लागणार?

तेथे विहिरीच पाहाव्या लागतात. भरावाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासावे, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मात्र हे नुसते अंतर मोजून भागत नाही. येथे पाणी मुरुमातून आणि खडकाच्या भेगांतून वाहते. तपासणीची बोअर भेगेवर नसेल, तर तिचे पाणी निर्मळ निघेल आणि पाचशे मीटरवरच्या शेतकऱ्याची विहीर काळी पडेल. बोअर कोठे घ्यायची हे भूशास्त्रज्ञाने ठरवावे; आणि उताराच्या वरच्या बाजूची एक विहीर तुलनेसाठी हवीच.

तपासायचे काय? आम्ही सुरुवात क्लोराइडपासून करतो. अमोनिया चिकणमातीला चिकटतो, सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात. क्लोराइडला मात्र माती अडवत नाही आणि जिवाणूही खात नाहीत. ते पाण्याबरोबर पुढे जाते आणि सर्वांत आधी विहिरीत पोहोचते.

हे मोजणे शाळेतही जमते. पाच मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब टाकावेत आणि सिल्व्हर नायट्रेटचे विरल द्रावण थेंबाथेंबाने घालत, हलवत राहावे. पिवळा रंग जाऊन विटकरी छटा टिकली की थांबावे आणि थेंब मोजावेत. क्रोमेट विषारी आहे, तेव्हा हे काम शिक्षकांनीच हातमोजे घालून करावे आणि उरलेले द्रावण मोरीत न ओतता बाटलीत साठवावे. तुलनेसाठी एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०.४ ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात सुमारे २५० मिलिग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकातील स्वीकार्य मर्यादा हीच आहे. विहिरीच्या पाण्याला दुप्पट थेंब लागले, तर क्लोराइड दुप्पट. सांडपाण्यामुळेही ते वाढते, म्हणून एकाच विहिरीवरून निष्कर्ष काढू नये. डेपोच्या वरची आणि खालची अशा दोन विहिरी घ्याव्यात, मे आणि सप्टेंबरमध्ये त्याच दोन विहिरींचे थेंब मोजावेत आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.