जुन्या घरांतील जादू

कर्जतच्या आसपासच्या गांवांतून हिंडतांना अजूनहि एखादें कौलारू जुनें घर दृष्टीस पडतें. बाहेर ओटी, आंत माजघर, त्याच्याहि आंत एक अंधारी खोली, आणि वर माळा. ह्या माळ्यावर काय आहे, असें मोठ्या माणसांना विचारलें तर तीं ‘अडगळ’ म्हणून मोकळीं होतात. मूल मात्र एकदम उत्तर देत नाहीं. आधीं तें वर पाहतें. भावंडांना जुन्या घरांत जादू सांपडते, ह्या जातीच्या बालकथांचें मूळ त्या वर पाहण्यांत आहे.

हा कथाप्रकार इंग्रजींत रुजविला तो मुख्यतः ईडिथ नेस्बिट ह्या लेखिकेनें. जुन्या परीकथांचा नायक बहुधा एकटा असे. राजपुत्र, सावत्र मुलगी, किंवा सर्वांत धाकटा भाऊ. त्याला जादू भेटे ती घर सोडल्यावर, अरण्यांत. नेस्बिटबाईंच्या १९०२ सालच्या ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ ह्या कादंबरींत चार भावंडें, कडेवरच्या तान्ह्या भावासह, लंडनहून खेड्यांतील घरीं येतात. जवळच्या रेतीच्या खाणींत त्यांना एक केसाळ, तिरसट प्राणी सांपडतो. तो रोज एक इच्छा पुरवितो, पण सूर्यास्ताबरोबर तिचा प्रभाव संपतो. मुलें सौंदर्य मागतात, तर घरची दाईच त्यांना ओळखीत नाहीं आणि तीं उपाशी राहतात. सोनें मागतात, तर तें जुन्या नाण्यांच्या रूपानें मिळतें आणि बाजारांत कोणी घेत नाहीं! जादूलाहि कायदा असतो, आणि काय मागावें हें चौघांनीं भांडून ठरवावयाचें असतें. भावंडें हवींत तीं ह्यासाठींच.

ह्याच बाईंच्या १९०८ सालच्या एका लघुकथेंत एक मुलगी कपड्यांच्या कपाटांतून अद्भुत प्रदेशांत जाते. पुढें १९५० सालीं सी. एस. लुइस ह्यांनीं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ प्रसिद्ध केलें, त्यांतहि वाट कपाटांतूनच जाते. ह्या कथेच्या मागें एक खरें दुःख आहे. १९३९ च्या सप्टेंबरांत बाँबहल्ल्याच्या भीतीनें इंग्लंडांतील लक्षावधि मुलें आईबापांपासून दूर, खेड्यापाड्यांत परक्यांच्या घरीं धाडण्यांत आलीं. लुइस ह्यांच्या ऑक्सफर्डच्या घरींहि अशा मुली राहिल्या होत्या. कथेंतील चार भावंडें तशींच आलेलीं. धाकटी ल्यूसी पहिल्यानें पलीकडे जाऊन येते, पण तिचें कोणी खरें मानीत नाहीं. एडमंड तर स्वतः तेथें जाऊन आल्यावरहि तो सारा खेळच होता असें सांगून तिला खोटी पाडतो. परक्या घरांत, आई जवळ नसतां, भावानेंच असें करावें! बर्फांतल्या चेटकिणीहून हा प्रसंग मुलांच्या मनाला अधिक लागतो.

इकडेहि अशी पांगापांग झालेली आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां लक्षावधि माणसें शहर सोडून गेलीं. खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ सालींच पोंचली होती. तेव्हां कर्जत-खालापुराकडच्या घरांनींहि शहरांतून आलेलीं भेदरलेलीं पोरें सांभाळलीं असतील, असें मानण्यास हरकत नाहीं.

मात्र इंग्रजी सांचा येथें जसाच्या तसा चालणार नाहीं. लुइस ह्यांचीं मुलें पावसामुळें घरांत कोंडलीं जातात आणि घर धुंडाळूं लागतात. कर्जतला पाऊस हवा तेवढा, पण तो येतो तेव्हां सुटी संपून शाळा उघडण्याची वेळ झालेली असते. येथें कथेची खरी घटका वैशाखांतील दुपारची. वडील माणसें जेवून आडवीं झालेलीं, बाहेर ऊन रणरणतें, आणि ‘आवाज करूं नका’ अशी ताकीद मिळालेलीं चार मुलें माजघरांत गारेगार सारवलेल्या जमिनीवर पडलेलीं. कपाटाची गरज नाहीं. भाताची रिकामी कणगी आहे, आजीची कुलूप घातलेली पेटी आहे, कौलांच्या फटींतून उतरणारी उन्हाची तिरीप आहे. गुप्तधनावर बसलेल्या नागाची गोष्ट तर मुलांनीं आधींच ऐकलेली असते; त्याच्याशीं बोलणी कशी करावयाची, एवढेंच ठरावयाचें असतें.

अलीकडे ह्या तालुक्यांत जुनीं घरें मोडून स्लॅबचीं घरें उठत आहेत, आणि शहरवासीयांचे बंगलेहि. त्यांत उजेड पुष्कळ, वारा पुष्कळ, राहण्याची सोय उत्तम. माळा तेवढा नाहीं. दुपारीं मुलें गच्चीवर जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर, पाण्याच्या टांकीखालच्या अंधारांत जाऊन बसतात, आणि खालून हांक आली तरी लवकर ओ देत नाहींत.