जुन्या दप्तराचा नवा पत्ता

श्रोतेहो, १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. औंढा, वसमत, कळमनुरी येथील माणसें तींच राहिलीं, शेतेंही तींच राहिलीं; परंतु ज्या जिल्हा-कामासाठीं पूर्वीं परभणीची वाट धरावी लागे, त्यासाठीं आतां हिंगोली हें ठिकाण ठरलें. अशा वेळीं एखादा वृद्ध शेतकरी संवयीनें जुन्याच कचेरींत जाऊन उभा राहिला आणि “तुमचा कागद येथें नाहीं” असें उत्तर त्यास मिळालें, तर त्याचा कागद नष्ट झाला असें कोणी म्हणणार नाहीं. नव्या संगणकावर जुना प्रोग्राम अडून बसतो, तेव्हां पुष्कळदां हेंच घडलेलें असतें.

एक उदाहरण घेऊं. हिंगोलीजवळील नर्सी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानण्यांत येतें. समजा, त्या बाजूच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं भजनी मंडळींकडून ऐकलेलीं पदें २००० सालच्या सुमारास संगणकावर उतरवून ठेविलीं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें आयएसएम, त्याच शहरांतील मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपि अशीं मराठी लेखनाचीं साधनें त्या काळीं प्रचारांत होतीं. तशाच एका साधनाचा त्यांनीं उपयोग केला. आज नातवानें नवा संगणक आणिला, जुन्या यंत्रावरील सारे फोल्डर त्यांत उतरविले, आणि आजोबांचा प्रोग्राम उघडूं जातां “आवश्यक नोंद सांपडत नाहीं” अशी सूचना पडद्यावर आली. आजोबांचे श्रम फुकट गेले काय? मुळींच नाहीं.

विंडोजमध्यें रजिस्ट्री नांवाचें एक मध्यवर्ती दप्तर असतें. कोणता प्रोग्राम कोठें ठेविला आहे, त्यास कोणते साहाय्यक भाग लागतात, कोणत्या जातीची फाइल कोणीं उघडावयाची, याच्या नोंदी त्यांत असतात. पूर्वीं प्रत्येक प्रोग्राम आपली माहिती स्वतःच्या लहानशा फाइलींत ठेवीत असे. १९९५ सालच्या विंडोज ९५ पासून हें दप्तर सर्वत्र रूढ झालें. प्रोग्रामची प्रतिष्ठापना होते तेव्हां या नोंदी केल्या जातात. नातवानें फोल्डर आणिले, पण नोंदी जुन्या यंत्रांतच राहिल्या. घरांतील सामान हलविलें, फेरफार मात्र झाला नाहीं, अशांतला हा प्रकार होय.

यावर कोणी जुन्या दप्तराची नक्कल आणून नव्या यंत्रांत घालतात. तरीही प्रोग्राम चालत नाहीं. याचें कारण मोठें मौजेचें आहे. आजचीं यंत्रें ६४ बिटांचीं, जुने प्रोग्राम ३२ बिटांचे. ६४ बिटांच्या विंडोजमध्यें ३२ बिटांच्या प्रोग्रामांकरितां दप्तरांत ‘वॉव६४३२नोड’ नांवाचा निराळा कप्पा असतो, आणि जुन्या प्रोग्रामनें मुख्य दप्तर मागितलें तरी यंत्र त्यास गुपचूप या कप्प्याकडे वळवितें. नक्कल पडली मुख्य दप्तरांत, प्रोग्राम शोधतो बाजूच्या कप्प्यांत. मग दोघांची भेट व्हावी कशी?

दुसरें कारण अधिकाराचें. जुने प्रोग्राम सर्वांच्या सामाईक दप्तरांत बेधडक लिहीत असत. विंडोज व्हिस्टापासून सामान्य वापरणाऱ्यास ती मोकळीक राहिली नाहीं.

आतां उपाय पाहूं. प्रथम जुन्या कामाची दुसरी प्रत निराळ्या जागीं ठेवावी. नंतर मूळ तबकडीवरून प्रोग्रामची रीतसर प्रतिष्ठापना करावी, व ती करतांना व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा; योग्य नोंदी योग्य कप्प्यांत आपोआप पडतात. तरीही अडल्यास प्रोग्रामच्या गुणधर्मांतील सुसंगततेची सोय वापरून पाहावी. रजिस्ट्रीस हात लावणें हा शेवटचा उपाय; तोही जी नोंद बदलावयाची तिची नक्कल आधीं काढून आणि एका वेळीं एकच नोंद बदलून करावा. ‘रजिस्ट्री स्वच्छ करून देतों’ म्हणणाऱ्या साधनांपासून मात्र दूर राहावें. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या माणसाचें काम कचेरींतील कागद जाळून होत नसतें.

कांहीं प्रोग्राम याहूनही जुने, १६ बिटांचे असतात. ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालतच नाहींत. तेथें नोंदी दुरुस्त करून उपयोग नाहीं. अशा वेळीं नव्या यंत्राच्या पोटांत जुन्या यंत्राचें सोंग उभें करणारें ‘आभासी यंत्र’ वापरावें लागतें.

परंतु, श्रोतेहो, ही सर्व खटपट प्रोग्रामसाठीं नव्हे, त्यांतील शब्दांसाठीं आहे. त्या काळच्या पुष्कळ मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे अवयव बसविलेले असत; तो फॉन्ट नसेल तर नामदेवांचें पद निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन बसतें. म्हणून प्रोग्राम एकदां उघडला कीं समाधान मानून थांबूं नये. सारा मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ छापील प्रतीशीं ताडून पाहावा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचेंच आहे. जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं, तो चालू आहे तोंवरच, हें काम उरकलें पाहिजे. यंत्रें बदलतील, पत्ते बदलतील. आजोबांनीं टिपून ठेविलेलें पद मात्र नातवाच्या नातवासही वाचतां यावें.