उसना सण

आम्ही भाषेचे प्राध्यापक म्हणजे, शब्दाची व्युत्पत्ती सांगितली की विषय संपला असे मानणारी जात! शिरूरच्या आमच्या वर्गात एका डिसेंबरात ‘नाताळ’ हा शब्द निघाला. पोर्तुगीज ‘नाताल’, त्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मदिवस. इथवर ठीक होते. पण मी पुढे घसरलो. म्हणालो, “हा जन्मदिवस मूळचा रोमन लोकांच्या सूर्याचा. सणच उसना आहे!”

वर्ग हसला. दौंडहून येणारा एक ख्रिस्ती मुलगा तेवढा हसला नाही. तास संपल्यावर म्हणाला, “सर, यंदा नाताळला आमच्या घरी या.”

ते मनाला लागले. रात्री पुस्तके काढून बसलो. रोमन लोकांचा ‘सॅटर्नेलिया’ १७ डिसेंबरला सुरू होई. त्या दिवसांत मालक गुलामांना पंक्तीचा मान देत. मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट देत. इ. स. २७४ मध्ये ऑरेलियन बादशहाने ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले. इ. स. ३५४ च्या एका रोमन संग्रहात २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ अशी नोंद आहे आणि त्याच संग्रहात, त्याच तारखेला, येशूचा जन्मही! बायबलात तारीख नाही. मात्र कोणी कोणाची तारीख घेतली, यावर विद्वानांचे एकमत नाही. २५ मार्च ही गर्भधारणेची तारीख धरून पुढे नऊ महिने मोजले, असेही काहींचे मत आहे. म्हणजे मी जे ठासून सांगितले, ते ठासून सांगण्याजोगे नव्हतेच.

आणि २५ डिसेंबरच का? रोमन पंचांगात उत्तरायणाचा आरंभ त्या दिवशी मानीत. आता आपली संक्रांत पाहा. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी तीही उत्तरायणाच्या आरंभीच येत असे. मग साधारण ७२ वर्षांना एक दिवस याप्रमाणे सरकत ती १४-१५ जानेवारीवर आली. सूर्य मात्र २१-२२ डिसेंबरलाच वळतो. म्हणून तिळगुळाची गोडी कमी झाली का?

नाताळला न्हावरे, केडगाव करीत दौंड गाठले. दारावर कागदी चांदणी लटकत होती. मुलाच्या आजीने करंज्या-चकल्यांची ताटली पुढे केली. मी मुलाला म्हणालो, “त्या दिवशी माझे चुकले.” तो संकोचला. आजीने विषय विचारून घेतला आणि म्हणाली, “सर, तारीख कुणाची का असंना, करंज्या मी केल्यात. घ्या!”

जानेवारीत वर्गात तिळगूळ वाटताना संक्रांतीची ही हकीगत सांगितली आणि माझे आधीचे विधानही मागे घेतले. वर्ग पुन्हा हसला; या खेपेस माझ्यावर. दौंडचा मुलगाही हसला.