व्हेनियर बसवण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्न ठरलं, मुलाखतीचं पत्र आलं की समोरच्या दातांकडे आपलं पहिल्यांदा नीट लक्ष जातं. एखादा दात तुटका, एखादा डागाळलेला, दोन दातांत फट. मग कुणीतरी ‘व्हेनियर’ सुचवतं. व्हेनियर म्हणजे समोरच्या दातांच्या दर्शनी बाजूवर कायमची चिकटवायची पोर्सेलिनची पातळ पापडी, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. उपचार चांगला आहे, पण त्याच्याभोवती गैरसमजही पुष्कळ आहेत. ते दूर न करता खुर्चीत बसलं, तर पैशांबरोबर दातही खर्ची पडतात.

गैरसमज: आवडलं नाही तर काढून टाकता येतं.

वस्तुस्थिती: या समजाला इतिहास आहे. कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस १९२०च्या दशकाच्या अखेरीस सिनेनटांच्या दातांवर अशी आवरणं तात्पुरती चिकटवत. चित्रीकरण संपलं की ती निघत. आजचं व्हेनियर तसं नाही. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की आम्लाने इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, किंचित खरखरीत केलं तर त्यावर रेझिन घट्ट धरतं. १९८०च्या दशकात पोर्सेलिनची आतली बाजूही तशीच खरखरीत करायचं तंत्र आलं आणि आवरण कायमचं बसू लागलं. ते बसवण्यासाठी बहुतेक वेळा इनॅमलचा ०.३ ते ०.७ मिलिमीटरचा थर घासून काढतात. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नष्ट होतात, त्यामुळे घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. काही निवडक दातांवर न घासताही व्हेनियर बसतं. बाकीचे दात मात्र एकदा घासले की त्यांवर जन्मभर काही ना काही आवरण लागणारच, हे धरूनच होकार द्यावा.

गैरसमज: व्हेनियर म्हणजे कॅपच.

वस्तुस्थिती: कॅपसाठी दात चहूबाजूंनी एक-दोन मिलिमीटर घासावा लागतो. व्हेनियरला मुख्यतः पुढची बाजू पुरते. ते इनॅमलवर सर्वांत पक्कं धरतं, त्याच्या आतल्या डेंटिनच्या थरावर पकड कमी पडते. म्हणून घासणं जितकं कमी, तितकं काम टिकाऊ. मोठी कीड असलेल्या किंवा बराच तुटलेल्या दाताला व्हेनियरचा आग्रह धरू नये. तिथे कॅपच योग्य ठरू शकते.

गैरसमज: पिवळ्या किंवा वाकड्या दातांना व्हेनियर हाच उपाय.

वस्तुस्थिती: आधी कारण शोधा. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात. वयाबरोबर आलेला पिवळेपणा ब्लीचिंगने बराच उजळतो. छोटी फट किंवा तुटलेला कोपरा दाताच्या रंगाच्या कंपोझिटने भरता येतो. ते बहुधा एकाच बैठकीत होतं, खर्चही कमी येतो. पोर्सेलिनइतकं टिकत नाही आणि डाग लवकर धरतं, पण दुरुस्त करणं सोपं असतं. दात फारच वाकडे असतील तर तारा लावून ते सरळ करणं इनॅमल घासण्यापेक्षा हिताचं.

पिवळ्या दातांसाठी बोअरच्या पाण्याला दोष देण्याआधीही थोडं समजून घ्यायला हवं. पाणी नुसतं जड असल्याने दात पिवळे होत नाहीत. त्यात फ्लोराइड जास्त असेल आणि दात घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, मूल ते पीत असेल, तर इनॅमलवर पांढरे-तपकिरी डाग कायमचे उमटतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. अशा खोल डागांवर इतर उपाय थकल्यावर व्हेनियर खरोखर उपयोगी पडतं.

ब्लीचिंग करायचंच असेल तर व्हेनियरच्या आधी करा आणि मध्ये साधारण दोन आठवडे जाऊ द्या. पोर्सेलिनचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही.

गैरसमज: मावा-मिश्रीचे डाग झाकले की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: हा सगळ्यांत घातक समज आहे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सोलापूर आणि आसपासच्या गावांतून मावा, सुपारी, मिश्री गेलेली नाही. डाग दिसतो दातावर, पण खरा आजार गालाच्या आत आणि हिरड्यांत वाढत असतो. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही तोंडातली त्वचा आवळत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं; पुढे त्यातून कर्करोगाचा धोका असतो. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर दिसण्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या. हिरडीतून रक्त येत असताना व्हेनियर बसवूच नये. सुजलेली हिरडी पुढे दातावरून मागे सरकते आणि जोडाची रेघ उघडी पडते; तंबाखू सुरूच असेल तर त्या रेघेत डागही धरतो.

गैरसमज: एकदा बसवलं की जन्माची काळजी मिटली.

वस्तुस्थिती: ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या दंतवैद्यांनी २०१२ साली ३१८ व्हेनियरचा दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहा वर्षांनी सुमारे ९३ टक्के आणि वीस वर्षांनी सुमारे ८३ टक्के व्हेनियर टिकलेली आढळली. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये अपयश जास्त होतं. आकडे चांगलेच आहेत, पण पंचविशीत व्हेनियर बसवणाऱ्याने आयुष्यात पुन्हा बदलावं लागेल हे गृहीत धरावं.

टिकणं आपल्या सवयींवरही अवलंबून असतं. ऊस समोरच्या दातांनी सोलणं, कडक भाकरीचा तुकडा दाताने मोडणं, शिवणकाम करताना दोरा दाताने तोडणं या आपल्याकडच्या रोजच्या गोष्टी. व्हेनियर असेल तर ऊस सोलायला सुरी, भाकरी मोडायला हात आणि दोऱ्याला कात्रीच हवी. रात्री दात खाण्याची सवय असेल तर डॉक्टरांना सांगून नाइट गार्ड करून घ्या.

गैरसमज: पोर्सेलिन किडत नाही, मग घासायचं कशाला?

वस्तुस्थिती: पोर्सेलिन किडत नाही, पण त्याच्या मागचा दात किडतो, आणि कीड सुरू होते जोडाच्या कडेला. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दातांमधून रोज फ्लॉस आणि नियमित तपासणी हे नेहमीसारखंच चालू राहतं. राखुंडी किंवा खरखरीत दंतमंजन मात्र बंद.

गैरसमज: हे सौंदर्याचं काम, पार्लरमध्येही चालतं.

वस्तुस्थिती: व्हेनियरसाठी इनॅमल घासणं हा वैद्यकीय उपचार आहे. कायद्यानुसार तो नोंदणीकृत दंतवैद्यानेच करायचा असतो. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी विचारण्यात संकोच नको.

होकार देण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा. माझ्या दाताचं किती इनॅमल जाणार? न घासता किंवा कमी घासून होणारा दुसरा उपाय आहे का? काम सुरू करण्याआधी दातांवर तात्पुरता नमुना लावून दाखवाल का? एखादं तुटलं तर पुन्हा बसवण्याचा खर्च किती? यांची शांतपणे उत्तरं देणारा डॉक्टर निवडा. लग्नाची तारीख जवळ आहे म्हणून निरोगी दात घासून घेऊ नका. तेवढ्या दिवसांत स्केलिंग होतं, तंबाखू सोडायला सुरुवात होते, आणि पुष्कळांना त्यापुढे व्हेनियरची गरजच उरत नाही.