अल्लादीनचा पासवर्ड

टर्मिनलवर ‘कर्ल’ची आज्ञा देऊन एखाद्या एपीआयकडे माहिती मागितली आणि उत्तरात ४०१ हा आकडा आला, तर सर्व्हर म्हणतोय, आधी ओळख पटवा. ओळख कशी हवी तेही तो सोबत कळवतो. त्यातली सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे ‘बेसिक ऑथेंटिकेशन’. ती १९९६ साली एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात नोंदली गेली आणि अजून वापरात आहे.

आज्ञेत ‘डॅश यू’ लिहून पुढे युजरनेम, कोलन आणि पासवर्ड द्यायचा. कर्ल ही जोडी बेस६४ मध्ये बदलून ‘ऑथरायझेशन’ हेडरमध्ये घालतं. युजरनेममध्ये कोलन चालत नाही, कारण सर्व्हर पहिल्याच कोलनपाशी जोडी तोडतो.

बेस६४ दर तीन बाइट्सची चार अक्षरं करतं. ती गिचमिड पाहून पासवर्ड सुरक्षित झाला असं अनेकांना वाटतं, आणि हा समज घातक आहे. यात गुप्त किल्ली नसतेच. अक्षरं कोणीही क्षणात उलटवू शकतो. मानकातल्या उदाहरणात युजर आहे अल्लादीन आणि पासवर्ड आहे गुहा उघडण्याचा मंत्र. (मंत्र खरं तर अलीबाबाच्या गोष्टीतला.) उदाहरण नेमकं आहे. अलीबाबानं गुहा फोडली नाही, झाडावर लपून चोरांच्या तोंडचा मंत्र फक्त ऐकला.

म्हणून ऐकू जाण्याच्या जागा बंद करायच्या. वाटेतल्यांसाठी एचटीटीपीएस हवंच. पण आपल्याच यंत्रावरची गळती जास्त दुर्लक्षित राहते. आज्ञेत टाइप केलेला पासवर्ड शेलच्या हिस्टरीत उरतो, चालू प्रोसेसच्या यादीत इतर युजरनाही दिसू शकतो. नुसतं युजरनेम दिलं तर कर्ल पासवर्ड वेगळा विचारतं. तो हिस्टरीत जात नाही. स्क्रिप्टसाठी ‘डॉट नेटआरसी’ फाइल आहे, तिची परवानगी ६०० ठेवावी, म्हणजे मालकाशिवाय कोणी वाचू शकत नाही. स्वतःचा क्लायंट लिहिणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: सर्व्हरनं दुसऱ्या होस्टकडे वळवलं, तर ‘ऑथरायझेशन’ हेडर तिकडे जाता कामा नये. कर्ल ते आपणहून रोखतं.

गिटहबनं नोव्हेंबर २०२० मध्ये एपीआयसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. आता टोकन लागतं. त्याला मोजकेच अधिकार देता येतात, फुटलं तर तेवढंच रद्द करता येतं.