कृष्णविवरांच्या शोधातून घरच्या डेस्कटॉपपर्यंत

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक डेस्कटॉपच्या पाठीमागे लॅन केबलचे चौकोनी पोर्ट असते, वाय-फाय मात्र नसते. राउटर बाहेरच्या खोलीत, संगणक आतल्या खोलीत, आणि मधल्या भिंतीला भोक पाडायला घरचे राजी नसतात. मग दोन सेंटिमीटरचा यूएसबी डोंगल आणून मागे खोचला जातो आणि केबलशिवाय इंटरनेट सुरू होते. त्या इवल्या तुकड्यात जे चालते, ते थक्क करणारे आहे.

घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने लहरी सोडतो. दोन भिंती ओलांडून त्या शक्तीचा दहा कोटींतला एक भाग जरी डोंगलपर्यंत पोहोचला, तरी सिग्नल चांगला मानतात. क्षीण सिग्नल वाढवून घेता येतो. प्रतिध्वनींचे कोडे त्याहून अवघड आहे. लहरी भिंतींवर, लोखंडी कपाटावर, फ्रिजवर आपटून परततात. एकच संदेश थेट येतो आणि लांबच्या वाटांनी पुन्हा पुन्हा येत राहतो. सेकंदाला ५४ मेगाबिट या वेगाने एकामागून एक बिट पाठवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेअठरा नॅनोसेकंद येतात. तेवढ्यात लहर साडेपाच मीटर जाते. म्हणजे कपाटावरून वळसा घेऊन आलेली लहर साडेपाच मीटर जास्त चालली, की ती नेमकी पुढच्या बिटावर येऊन आदळणार.

विजापूरच्या गोल घुमटात भरभर बोलणाऱ्याचे शब्द असेच एकमेकांत मिसळतात. तिथे उपाय एकच: एकाने घाई करण्यापेक्षा अनेकांनी वेगवेगळ्या स्वरांत, एकाच वेळी, सावकाश बोलावे. ५४ मेगाबिटच्या वाय-फायमध्ये माहिती ४८ उपलहरींवर वाटली जाते. प्रत्येक चिन्हाला, म्हणजे एका दमात पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याला, ४ मायक्रोसेकंद मिळतात आणि त्यांतले ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनी विरण्यासाठी राखलेले असतात. तेवढ्या अवधीत लहर २४० मीटर जाते. इतका वळसा घेणारी लहर घरात टिकतच नाही. एकत्र आलेले स्वर सुटे करण्याचे गणित जोसेफ फुरिए यांचे. उष्णता पदार्थातून कशी पसरते, हे मांडणाऱ्या त्यांच्या १८२२ सालच्या ग्रंथात ते आहे. संदेश अखंड येत असेल, तर डोंगलमधली चिप हे गणित सेकंदाला अडीच लाख वेळा करते. जुन्या संगणकाच्या प्रोसेसरला त्याची झळही लागत नाही.

हे गणित वाय-फायमध्ये आणण्यात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेच्या रेडिओभौतिकी विभागाचा मोठा वाटा आहे. तेथील जॉन ओ'सुलिव्हन रेडिओ खगोलशास्त्राकडून आलेले. अतिसूक्ष्म कृष्णविवरांचा शेवट स्फोटाने होईल, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडले होते. त्या स्फोटांच्या रेडिओ स्पंदांचा शोध ओ'सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये घेतला. स्पंद सापडले नाहीत. पण विस्कटलेले संदेश फुरिएच्या गणिताने सावरण्याचा अनुभव हाती राहिला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तोच घेऊन त्यांनी चार सहकाऱ्यांसह खोल्यांमधल्या प्रतिध्वनींचा प्रश्न सोडवला. अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले.

या विभागाशी महाराष्ट्राचा जुना ऋणानुबंध आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असावा याची मला खंत वाटते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात तेथेच घडले. त्याच विभागाने भेट दिलेल्या ३२ लहान अँटेनांतून १९६५ मध्ये कल्याणला सूर्याचा वेध घेणारी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पुढे नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण स्वरूप यांच्याच नेतृत्वाखाली साकारली.

डोंगल बसवतानाही हेच लहरींचे शास्त्र उपयोगी पडते. कॅबिनेट पत्र्याचे असते. त्याच्यामागे भिंतीलगत खोचलेला डोंगल सावलीत राहतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणावा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. थेट आलेली आणि परतलेली लहर काही जागी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात, आणि तिथून काही सेंटिमीटरवर सिग्नल पुन्हा भरून येतो. म्हणून डोंगल किंचित सरकवून पाहण्यात खरेच अर्थ आहे. निळे यूएसबी ३ पोर्ट त्याच पट्ट्यात गोंगाट करते, तेव्हा २.४ गिगाहर्ट्झसाठी शेजारचे यूएसबी २ बरे. त्याचा वेग, कागदावर का होईना, ४८० मेगाबिट आहे. त्याहून जुन्या यूएसबीची मजल १२ मेगाबिटपर्यंतच; तिथे आत स्लॉटमध्ये बसणारे कार्डच घ्यावे, आणि मदरबोर्डवर पीसीआय आहे की पीसीआय एक्सप्रेस, हे आधी पाहून ठेवावे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवानामुक्त असल्याने यातल्या कशालाही सरकारी परवाना लागत नाही.

राहतो ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारे सॉफ्टवेअर. तो उतरवून घ्यायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर. अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने डेस्कटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. विंडोज ७ किंवा त्यापुढची प्रणाली असेल, तर ड्रायव्हर उतरेपर्यंत फोनच नेटवर्क कार्डाचे काम करतो.